शून्याचा रकाना

लिमा शहराच्या वर, जिथं डांबर संपतं
आणि पायऱ्याही कंटाळून मातीच्या होतात,
तिथून अजून वीस मिनिटं चढलं
की हिलारियाचं जाळं लागतं.

मासे धरायचं नाही. धुकं धरायचं.

निलगिरीचे दोन वासे, मध्ये ताणलेली काळी जाळी,
खाली उभा चिरलेला पाइप,
पाइपाच्या तोंडाशी निळं पिंप.
धुकं समुद्रावरून येतं, जाळीला अंग घासून जातं,
जाताना थेंब विसरतं.
एवढंच यंत्र.
यात बिघडण्यासारखं काही नाही,
असं तो इंजिनिअर म्हणाला होता.
त्याचे बूट फार स्वच्छ होते.

पहिल्या वर्षी वाऱ्यानं बिघडवलं.
एका रात्रीत जाळी उभी फाटली,
गळ्यापासून बेंबीपर्यंत.
दुसऱ्या वर्षी वासे चोरीला गेले.
कुणाच्या छपराला लागले ते तिला ठाऊक आहे,
पण त्या छपराखाली तान्हं मूल आहे,
म्हणून ती बोलली नाही.
तिसऱ्या वर्षी सगळं शाबूत,
टाका न् टाका जागच्या जागी,
आणि धुकंच आलं नाही.
समुद्र तापला होता म्हणे.

आता याला काय म्हणायचं?
चुकलं असेल तर उसवता येतं.
पण न चुकता हरलेल्या माणसानं
कुठल्या टाक्यापासून उसवायला घ्यायचं?

टँकरवाला फाउस्तो वळणावर हॉर्न दाबून ओरडायचा,
"काय हिलारिया, ढगांची धार काढलीस का आज?"
तीही हसायची,
त्याच्याकडून दोन पिंपं पाणी घ्यायची,
नाणी मोजून द्यायची.
हसण्याचे वेगळे पैसे पडत नव्हते.

एक वही होती तिच्याकडे, इंजिनिअरनं दिलेली,
रकाने आखलेली : तारीख, वारा, लिटर.
तो गेला, प्रकल्प गुंडाळला,
पाटीवरचं मंत्र्याचं नाव गंजानं खाल्लं,
वही तेवढी उरली.
रोज सहाला ती वर जायची,
पिंपात डोकावायची, आणि लिहायची :
शून्य.
शून्य.
शून्य, कुत्रा आला होता.
शून्य.

थोरली देल्मिरा एकदा चिडली.
"आई, जे नाही ते कशाला लिहितेस?
कोरं सोडलं तरी तेच की."

"तेच कसं?" ती म्हणाली, पेनाचं टोपण दातात धरून.
"कोरं म्हणजे मी गेले नव्हते.
शून्य म्हणजे मी गेले होते."

फार थोर करून सांगत नाही मी हे.
त्या वहीत जूनचे नऊ दिवस कोरेच आहेत.
अंथरुणात होती, भिंतीकडे तोंड करून.
विचारलं तर सांगते, पाठ धरली होती.
पाठ धरली नव्हती.
आणि दहाव्या दिवशी उठली ती कशानं?
कुणी धीर दिला नाही, स्वप्नात कुणी आलं नाही.
उशीखाली पेन होतं, ते टोचत होतं.

चौथ्या वर्षी जावयाकडून मासेमारीची दोरी आणली,
जुनी फट पुन्हा शिवली, शिवण जरा ओबडधोबडच.
शिवता शिवता वही चाळली.
शून्यांच्या शेजारी वारा लिहिलेला होता,
रोजचा, तिच्याच हातचा :
डावीकडून. डावीकडून. थोडा डावीकडून.
तिनं एक वासा उपटला,
चार पावलं सरकवून पुन्हा रोवला.
चूक होती की नव्हती, कोण सांगणार.
रिकाम्या हातांना काहीतरी सरकवावंसं वाटलं, एवढं खरं.

सप्टेंबरची तीन तारीख : अकरा लिटर.
लिहिण्याआधी कुत्र्यानं त्यातलं लिटरभर प्यायलं.
तिनं दहा लिहिले,
मग खोडून अकरा केले.
पाणी तर आलं होतं ना.
फाउस्तोला सांगायला ती धावत खाली गेली नाही.
तारा झाडाच्या रोपाला दोन तांबे घातले,
उरलेल्या पाण्यात पाय बुडवून बसली,
इतका वेळ, की पाय पांढरे पडले.

चार तारीख : शून्य.

अक्षर तेवढंच गोल.