पाव मिलिमीटर

पोरगा दोन पेट्या घेऊन आला,
घोडबंदरच्या कुठल्याशा बत्तिसाव्या मजल्यावरून
वागळे इस्टेटमधल्या माझ्या गाळ्यात.
शेजारी पावडर कोटिंगची भट्टी,
वर टायपिंगचा कधीच बंद पडलेला क्लास.
नाव निरामय. नखं फक्त उजव्या हाताची वाढवलेली.
दोन गिटारी. आकार एक, डोक्यावरचं नाव एक,
पोटातल्या चिठ्ठ्या वेगळ्या:
एकीत जपान, दुसरीत इंडोनेशिया.
"काका, खरं सांगा. फरक असतोच ना?"

असतो की.
पण मी आधी चिठ्ठी वाचत नाही.
आधी मान डोळ्याशी धरतो, बंदुकीसारखी.
मग सरळपट्टी, मग सातव्या पडद्यावर फीलर गेज,
मग दाताच्या डॉक्टरचा आरसा आणि टॉर्च, पोटात.
अडतीस वर्षांची सवय. त्यातली एकवीस
गिटारींची नव्हतीच.

जपानीच्या आत सरसाचा ओघळ, वाळून काच झालेला.
पुसायचा राहिला कुणाचातरी.
दुसरीच्या आडव्या पट्टीवर पेन्सिलची तिरकी रेघ,
आणि तिला छेदून आणखी एक, वेगळ्या हाताची.
म्हणजे दोघांनी पाहिलं होतं.
आरसा पोराच्या हातात दिला.
तो बघत राहिला,
परक्या घरात खिडकीतून डोकावल्यासारखा.

"म्हणजे देशाचं काही नसतं?"

लगेच तसंही नको म्हणूस.
पळसाला पानं तीनच, हे बोलायला ठीक.
या धंद्यात देश म्हणजे नकाशा नव्हे.
देश म्हणजे एका मानेला किती मिनिटं,
लाकूड वाळेपर्यंत थांबायची मालकाची ऐपत,
आणि "ही नको, बाजूला ठेव" म्हणणाऱ्याचा
पगार कापतात की नाही.
लोक कौतुकानं सांगतात, मिरजेचा तंबोरा.
मिरजेत जाऊन बघ. तिथे विचारतात, कुठल्या घरचा?
त्या घरात गेलास तर, जवारी कोणाच्या हातची?

सोळा नंबर रोडवर आमची कंपनी होती.
व्हॉल्व्हचे स्पिंडल करायचो.
बिननावाचे, तेलकट कागदात गुंडाळून जर्मनीला.
एकदा कंपनीनं नवा कॉम्प्रेसर आणला.
खोक्यावर जर्मनी, त्याच्यावर झेंडूचा हार.
झाकण उघडलं तर आत माझाच स्पिंडल.
खांद्याशी कानस डावीकडून फिरवायची
ही खोड दुसऱ्या कुणाची नव्हती.
साहेब म्हणाले, बघून ठेवा, याला म्हणतात फिनिश.
मी प्रसादाचं खोबरं चावत राहिलो.

इथपर्यंतचं मी सगळ्यांना सांगतो.
पोरानंही हसून टाळी मागितली.

एका शुक्रवारी, दुसरी पाळी गळ्यात पडलेली,
बायको सिव्हिलला, ऑफिसात फोन येणार होता,
तेव्हा चाळीस स्पिंडल मी न मोजता सोडले.
शिक्का माझा. सही माझी.
कुठे गेले असतील ते?
कुठल्यातरी थंड गावात
गळका व्हॉल्व्ह फडक्यात धरून
कुणीतरी म्हणालं असेल,
इंडियाचा माल. दुसरं काय होणार.

हे त्याला सांगितलं नाही.
फक्त पडदे घासत राहिलो, जरा जास्तच वेळ.

दोघींच्या माना सरळ केल्या.
खाडीची दमट हवा चिठ्ठी बघून वाकवत नाही.
जपानीचे नऊशे, दुसरीचे पाचशे.
त्याला हिशेब उलटा वाटला. पण दिले.
निघताना म्हणाला, काका, आत तुमचं नाव लिहा ना.

पेन्सिल घेतली, भोकातून हात घातला,
चाचपडत लिहिलं: ०.२५. खाली तारीख.

नाव नाही लिहिलं.
आकडा पुढच्या माणसाला
पुन्हा मोजून बघता येतो.