शेवटचं पान

नागभीडला स्टेशनाकडे वळलं की
पंक्चरवाला आणि कृषी केंद्र यांच्या मधोमध
माझं कॉफीचं दुकान.
रंगाऱ्यानं पाटीवर 'काफी' लिहून ठेवलं,
मी दुरुस्त केलं नाही.
लोक वाचतात आणि म्हणतात, हो बाई, आमच्या गावाला एवढं काफी आहे.

नऊ वर्षं नागपुरात दुसऱ्याच्या मशीनमागं उभी होते.
येताना दूध फेसाळायचं एक भांडं आणलं
आणि दोन पोती रहस्यकथा, रद्दीवाल्याकडून, किलोच्या भावानं.
फळी ठोकली. नियम एकच:
इथे बसून वाचा, पुस्तक उंबरा ओलांडणार नाही.

तशी सौम्य असतात ही पुस्तकं.
खून होतो, पण दाराआड,
आपल्यापर्यंत पोचते ती फक्त एक उलटी पडलेली बशी.
मग कुणी शेजारीण बिस्किटं घेऊन येते
आणि पोलिसांना जे दिसलं नाही ते
बिस्किट बुडवता बुडवता तिला दिसतं.

धान लोंबीवर आलं तेव्हाची गोष्ट.
कवडू लांजेवार, रेल्वे फाटकावरचा,
सकाळी सकाळी टेबलावर थाप मारून ओरडला:
"रातपाळी करून आलो मी, अन् कोनं मारलं तेच नाई?"
शेवटचं पान गेलेलं.
दुसरं पुस्तक काढलं. त्याचंही.

त्या दिवशी कुणी लवकर उठलं नाही.
गुरांच्या दवाखान्यातले बोरकर म्हणाले,
विषाचं खोटं आहे सगळं,
"येवढ्या डोजनं तर गोऱ्हाही मरत नाई."
अंगणवाडीच्या वेणूताईंना पहिल्यापासून भाच्याचा संशय,
कारण तो पत्र वाचून हसला होता.
शिवणकामवाल्या रहीमचाचांनी चष्मा वर केला,
कडेवरून बोट फिरवलं:
"फाडलं नाही. कापलंय. आणि कात्री नव्हे, पत्ती."
सगळ्यांनी एकमेकांच्या दाढ्या बघितल्या.

त्या आठवड्यात दूध दोनदा मागवावं लागलं.

आचल कोडापे नववीत आहे.
शिकवणी सुटल्यावर तिची गाडी येईतो
कोपऱ्यात बसते, एक हाफ कॉफी पाऊण तास पुरवते.
तिनं कुणाला काही विचारलं नाही.
तेरा पुस्तकं खाली काढली,
प्रत्येकाच्या पाठीचा वास घेतला,
कापल्या जागी नखानं खरवडलं
आणि नखातली तपकिरी भुकटी
जिभेवर ठेवली.
माझ्याकडे पाहिलं.
मी भांडं विसळत होते, ते आधीच स्वच्छ होतं.

"काकू, वरच्या डब्यात काय आहे?"
"जुनी पावडर."
"मग झाकणाला कडी कायले?"

काय सांगणार होते तिला?
नऊ वर्षं पाहिलंय मी,
ज्याला उत्तर सापडतं तो उठतो,
पैसे देतो, खुर्ची सरकवतो,
पुन्हा त्या टेबलावर तसा बसत नाही.
एवढंच कारण. पैशासाठी नाही,
म्हणजे, थोडं पैशासाठीही.

"वाचली तुम्ही तरी?"
नाही. एकही नाही.
पत्ती चालवताना मान वळवून घेते,
सुईण नाळ कापताना वळवत नसेल तशी.
मलाही भाच्याचाच संशय आहे.

आचल खूप वेळ गप्प होती.
मग म्हणाली, उद्यापासून फुल कॉफी, हाफच्या पैशात.
इतकं सरळ ब्लॅकमेल
त्या दोन पोत्यांत कुठे नव्हतं.

बाहेर फाटक पडलं, कवडूच्या साथीदारानं पाडलेलं.
गोंदियाची गाडी कपबशा हलवत गेली.
आत वेणूताई सांगत होत्या, भाचा नाही, माळी,
आणि बोरकर म्हणत होते, माळी पुस्तकात आहेच कुठे?

परवा फळीवर नवीन पुस्तक ठेवलं.
पत्ती घेऊन बसले, दुकान बंद केल्यावर, दिवा बारीक करून.
उघडलं, तर शेवटचं पान जागेवर.

पहिलं नव्हतं.