तिसरा कप्पा

बर्डीवर, मोदी नंबर दोनच्या तोंडाशी घेतली होती ही पर्स.
साडेचारशे सांगितले, तीनशे वीसला सुटली.
दुकानदार म्हणाला, तीन कप्पे आहेत ताई,
अख्खा संसार मावते याच्यात.

मावला.

दोन लंगोट, उकळलेल्या पाण्याची बाटली,
सुगतचा एक मोजा
(दुसरा सक्करदऱ्याच्या बसमध्ये राहिला, तो कुठे फिरत असेल कोण जाणे),
ग्लुकोज बिस्किटांचा चुरा, धुतला तरी शिवणीत उरणारा,
समताची प्लास्टिकची गाय, तीन पायांची,
आणि सगळ्यांच्या तळाशी
दात मोडलेला माझा कंगवा.

तेव्हा मी पर्समध्ये बघत नसे.
रडणं ऐकलं की हात आत जायचा
आणि नेमकं तेच घेऊन वर यायचा,
वीज गेल्यावर स्वयंपाकघरात
काडेपेटी सापडते तसा.

मग सव्वीस जून. आमच्याकडे शाळा उशिरा उघडतात,
ऊन तरीही हटलेलं नसतं.

आधी बाटली गेली, तिच्या गळ्यात, लाल पट्ट्याने.
मग रुमाल, पिन लावून छातीवर.
गाय मात्र तिनंच बाहेर काढली,
म्हणाली, शाळेत गाय नेत नसतात आई,
आणि फ्रिजवर ठेवली, भिंतीकडे तोंड करून.
दोन वर्षांनी सुगत गेला.
त्यानं मागे वळून पाहिलं नाही.
मी पाहिलं. शेंडेकाकांचा ऑटो वळला,
तरी मी फाटकात उभी, हातात
त्याला द्यायचं राहिलेलं केळ.

ते केळ मी ऑफिसात खाल्लं.

त्या दिवसापासून पर्स गाडीच्या हुकाला
हलकी हलकी झुलायची. अजनीच्या पुलावर
वळताना पूर्वी गुडघ्यावर आदळायची,
तो ठोका आता चुकायचा
आणि मी उगाच हँडल सावरायची.
डावा खांदा अजून खालीच. ब्लाउज शिवणारी म्हणाली,
मॅडम, तुमचं एका बाजूनं माप वेगळं येऊन राहिलं.

रिकामं काही फार दिवस राहत नाही.
फीच्या पावत्या आल्या. खाकी कव्हरांच्या कातरणी.
शेंडेकाकांचा नंबर, लग्नपत्रिकेच्या पाठीवर.
शार्पनरचा फुलोरा.
ओव्याच्या डबीत पडलेला एक दात,
ज्याचं काय करायचं असतं ते मला आठवेना
आणि विचारायला आई उरली नव्हती.

तिसऱ्या कप्प्यात मी एकच गोष्ट ठेवली, माझी.
खात्याच्या परीक्षेचा फॉर्म, चार घड्या घातलेला.
गेल्या वर्षीचा तारीख उलटून मेला.
हा यंदाचा. तोही काही बोलत नव्हता.

एप्रिलमध्ये पारा चव्वेचाळीसला टेकला.
शाळा सकाळच्या झाल्या, पोरं अकराला घरी,
मी मात्र भर दुपारी तोंडाला दुपट्टा गुंडाळून
ट्रेझरीत परत.
एका दुपारी बागडेबाई नाक उडवत म्हणाल्या,
काय वं, पर्समध्ये भाजी आणली काय?

मी चेन उघडली.
पहिला कप्पा. दुसरा.
तिसऱ्यात, फॉर्मच्या घडीत बसवलेला,
एक लहानसा कांदा. सालासकट.
मी रोज सकाळी ज्या दोघांच्या खिशात कोंबते
आणि जे दोघं तोंड वाकडं करतात,
त्यांच्यापैकी कुणाचा तरी.

घरी गेल्यावर विचारलं.
समता म्हणाली, सुगतनं.
सुगत म्हणाला, तुला ऊन लागत नाही का मग?
आणि कार्टून पाहत राहिला.

शेवटची तारीख तीस होती.
फॉर्मला कांद्याचा वास लागला होता,
एका कोपऱ्यावर पिवळट गोल डाग.
नवा मागता आला असता.
मी तोच भरला. नाव, जन्मतारीख,
वैवाहिक स्थिती, अपत्ये: दोन.
खिडकीतल्या कारकुनानं तो नाकाजवळ नेला,
माझ्याकडे पाहिलं,
आणि शिक्का मारला.