कोरं टाचण

दर शनिवारी माझ्या टेबलावर सतरा टाचणवह्या येतात.
घटक, उपघटक, उद्दिष्ट, साहित्य,
वेळ मिनिटांत.
मी सही करते, तारीख घालते, जांभळा गोल शिक्का मारते.
सतराव्या वहीपर्यंत शाई एवढी विटते
की शिक्क्यातलं ‘शिवडी’ उमटतच नाही,
नुसतीच कुठल्यातरी गावची शाळा.

गेल्या शनिवारी सतरावी वही मृदुला शिरधनकरची, तिसरी ब.
मंगळवारचं पान कोरं.
विसरली म्हणावं तर वार होता, तारीख होती,
आणि खाली पेन्सिलीनं बारीक :
‘सुफियानच्या प्रश्नावर अवलंबून.’

बोलावलं तिला. कसला प्रश्न?
‘बाई, गच्चीवरच्या टाकीची सावली
सकाळी लांब असते, दुपारी कुठं जाते?’

मी एकवीस वर्षं वर्गात काढली.
एका मुलीनं असंच काही विचारलं होतं,
आणि मी म्हटलं होतं, ते पुढच्या यत्तेत आहे, बस खाली.
प्रश्न अजून पाठ आहे.
मुलीचं नाव गेलं.

परिपत्रक माझ्या काचेखाली होतं :
सर्व तिसऱ्या, मंगळवार, अकरा वीस, पान चौसष्ट.
फोटो दोनच्या आत पाठवावेत.
कोऱ्या कागदावर सही करू नये, एवढं एक
आईनं मला लग्नात शिकवून पाठवलं होतं.
मी केली.

मंगळवारी अंगणभर खडूच्या रेघा.
दर अर्ध्या तासाला एक, शेजारी वेळ,
काही आकडे उलटे.
साडेबाराला ढग आले, सावलीच गेली,
चाळीस मुलं फरशीकडे बघत बसली
आणि शिरधनकर बाईही त्यांच्यात, गप्प.
त्या दिवशी पाढे झाले नाहीत.
खोटं कशाला सांगू.

एकला वाघधरे साहेब आले, वॉर्ड ऑफिसातून, घामाघूम.
पान चौसष्ट कुठाय?
मी वही पुढे केली.
त्यांनी कोरं पान पाहिलं, माझी सही पाहिली,
पुन्हा कोरं पान.
‘सही कशावर केलीत, मॅडम?’

‘तिच्यावर,’ असं म्हणायला हवं होतं.
रात्री भाकऱ्या थापताना सुचलं.
तेव्हा एवढंच म्हणाले,
‘नजरचुकीनं नाही केलेली, सर.’

शेरेबहीत त्यांनी लिहिलं :
टाचण अपूर्ण. समज द्यावी.
कोणी, कोणाला, ते लिहिलं नाही.
पेन माझ्याकडे सरकवलं
आणि त्याखालीही मीच सही केली,
तोच फाटा, तीच शेवटची गाठ.
दोन वह्या शेजारी ठेवल्या तर
ही बाई नक्की कोणाच्या बाजूची, बँकही सांगू शकणार नाही.

जाताना साहेबांनी अंगण ओलांडलं
ते रेघांवर पाय पडू न देता, बेतानं,
एकदा तर चक्क उडीच मारून.
हे मी खिडकीतून पाहिलं.
शेरेबहीत त्याला रकाना नाही.

शाळा सुटल्यावर गोरिवले मामा पाण्याची बादली घेऊन उभे.
‘पुसू?’
‘राहू द्या.’
‘लेखी द्या, बाई. उद्या कोणी विचारलं तर माझ्यावर येतं.’

खरंच होतं त्यांचं.
पाठकोरा कागद घेतला : रेघा पुसू नयेत.
सही. शिक्का, फिकाच.
मामांनी चार घड्या घालून तो वरच्या खिशात ठेवला,
पगाराच्या चिठ्ठीजवळ.

तोवर सावली माझ्या दारापर्यंत आली होती.
पाच वाजून दहा.
इथली रेघ कोणी मारलेली नव्हती.
मी खण उघडला :
शिक्का, टाचण्या, लाख, तीन लाल पेनं,
सेवाज्येष्ठतेची यादी.
खडू नव्हता.