शिट्टी

गड्डा उठून आठवडा झालेला.
पोरांच्या ओठांवर अजून पिपाण्यांचा गुलाबी रंग.
आमचं मैदान म्हणजे चर्चच्या मागची जागा,
एक कडुलिंब, एक हापसा
आणि फक्कीच्या रेघा.
त्याही सकाळच्या प्रार्थनेच्या रांगांनी
नऊ वाजेपर्यंत अर्ध्या पुसून टाकलेल्या.

पोती कमी पडत होती.
सिस्टर लुर्दिना म्हणाल्या, तांदळाची दोन आहेत,
बाकीचं तुम्ही बघा, बाई.
मी काय बघणार?
चौथीतल्या राज्यलक्ष्मीची आई, अंबुबाई दुडम,
विडीच्या ब्रँचमधून अकरा पोती घेऊन आली,
रिक्षात बसवून, पाहुण्यांना आणावं तशी.
"मोजून दिलेत, मोजून परत द्या.
आमच्याकडं सगळंच मोजून असतंय."

तेंदूपानांची पोती. रिकामी,
पण आत कुठल्या तरी जंगलाचा चुरा
आणि तंबाखूचा तो वास,
जो पूर्वभागात घराला पत्त्यासारखा असतो.

शर्यतीला तेरा नावं. मी हजेरीसारखी वाचली.
अनुग्रह बनसोडे पोत्यात उतरला.
मेहजबीन बागवान उतरली, फ्रॉक गोळा करून.
शिवलिंग हत्तुरे आधी पडला, मग उतरला.
राज्यलक्ष्मी दुडम उभीच.

"उतर की."
मान हलली. नाही.
"भीती वाटतीय का गं?"
नाही.
मग अगदी हळू, आई जिथं बसली होती
तिकडं न बघता,
"बाई, घरी रोज ह्याच वासात बसते मी.
शाळेत नको."

तिचे अंगठे मी पहिल्यांदा नीट बघितले.
कात्रीच्या कडीनं पाडलेली खूण,
चार वर्षं त्याच हातांनी तिनं मला वह्या दिलेल्या.

मला काही सुचेना. सिस्टरना सुचलं की नाही, ठाऊक नाही.
त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली,
दोरी क्रुसाला अडकली, ती सोडवली,
आणि म्हणाल्या, "ये गो बाय, तू वाजव."

राज्यलक्ष्मीनं शिट्टी तोंडात धरली
आणि वाजवली नाही.

तेरावं पोतं रिकामं पडलेलं.
बारा जण छातीपर्यंत पोत्यात,
मुठी आवळलेल्या, ऊन डोक्यावर.
ती बघत राहिली एकेकाकडे,
सुपात पान उलटसुलट करून बघतात तसं.
"वाजव की बे!" श्रीहरी ओरडला.
नाही.
बायकांची कुजबुज थांबली.
हापशाचं पाणी भरणारा शिपाई यशवंतही थांबला, घागर अर्धी.
मेहजबीनला शिंक आली, तिनं दाबली.
किती वेळ? माझ्या घड्याळात पाऊण मिनिट.
त्या पाऊण मिनिटात सगळी शाळा
एका मुलीच्या गालातल्या हवेवर थांबलेली.

मग वाजली. काय वाजली!
चुरा उडाला, तपकिरी धूळ,
पहिल्या पाच उड्यांतच शिंकांची साथ,
अनुग्रह शिंकत पुढे, शिवलिंग शिंकत आडवा,
तेलुगूत कुणी "उरुकु! उरुकु!"
कन्नडमध्ये कुणाची आजी काहीतरी, बहुतेक शिवी,
आणि सिस्टर लुर्दिना
ज्यांना आम्ही सहा वर्षांत हसताना बघितलं नव्हतं
कडुलिंबाला धरून खाली वाकलेल्या.

पहिलं कोण आलं, त्यावर अजून वाद आहे.
बक्षिसाची कंपासपेटी दोघांत लागली.
एकानं पेटी नेली, एकानं कर्कटक.

संध्याकाळी अंबुबाईनं पोती मोजली.
अकरा.
लेकीला काही विचारलं नाही.
दोघी रिक्षात बसल्या, मधे पोत्यांची चळत.
तिच्यावर कोणी कोपर टेकवलं, मला दिसलं नाही.

शिट्टी परत आलीच नव्हती, हे रात्री लक्षात आलं.

सोमवारी, हजेरीच्या आधी,
माझ्या टेबलावर रुमालाची पुरचुंडी.
"बाई, धुतलीय.
दोनदा.
साबणानं."
मी ती नाकाशी नेली नाही.
तिच्यासमोर तर नाहीच.