पडलेली फांदी

रात्रभर ढग रानात मुक्कामाला होता.
सकाळी वाटेवर फांदी आडवी.
खेचर थांबलं, दुधाचे कॅन
एकमेकांवर आदळले.

एर्मेलिंदा वाकली, शेवाळ सारलं:
करंगळीच्या नखाएवढं पान,
पानाच्या पाठीला चिकटून
तिळाएवढं ऑर्किड,
तांबडं, पिवळ्या काठाचं.
एक चिलट त्याच्यावर भुललेलं,
फांदी पडल्याची त्याला खबर नाही.

‘झाडाचं काही खात नाही हे,’
ती खेचराला सांगते,
‘धुकं पितं. पण खाली ठेवलं
तर गोगलगाय आहे, कुजवा आहे,
तुझे खूर आहेत.’

मग पोतडीतून स्वेटर काढते.
सेगुंदोचा. तो स्पेनला गेला,
लेट्यूस कापायला; फोनवर म्हणतो,
इथे पाऊसच नाही.
बाहीची लोकर ती हातभर उसवते,
सालीच्या ढलप्यासकट ते रोप
उभ्या झाडाला बांधते,
धुकं येतं त्या अंगाला, छातीच्या उंचीवर.
गाठ सैल.
मुळं धरतील तेव्हा धरतील.

इंतागच्या या चढणीवर
अशा बऱ्याच गाठी आहेत,
निळ्या होत्या, आता शेवाळी.
डावी बाही केव्हाच संपली.
उजवी कोपरापर्यंत आली आहे.