दोन सूत

चित्रं मी आधी पाठीकडून बघतो.
खिळे गंजलेत का, फळी वाकलीय का,
कुठल्या बंद पडलेल्या दुकानाची चिठ्ठी,
पेन्सिलीत किंमत, खोडलेली,
खाली त्याहून कमी लिहिलेली.
समोरून बघायला माणसं आहेत. काळा घोड्याला
हातात ग्लास धरून उभी असतात.

ठाकूरद्वारला सोनाराच्या डोक्यावरचा पोटमाळा,
तिथे माझा कटर, गुण्या, सरसाचा डबा
आणि भिंतीला टेकून न नेलेल्या फ्रेमा.
चाळीस रुपये आगाऊ देऊन गेले ते गेलेच.
देव असले तर परत येऊन नेतात.
समुद्र राहून जातात.

उकिडवे मास्तर मात्र वेळेवर यायचे.
आठवडाभर पोरांना फुलदाण्या काढायला लावायचे,
रविवारी भाऊच्या धक्क्यावर छत्री रोवून स्वतः बसायचे.
एक्याऐंशी साली आणलं ते जलरंगातलं,
पंधरा बाय बावीस:
लाँचा, ओला दोरखंड, पाण्यावर तेलाचा तवंग,
आणि अगदी उजव्या कडेला
पालथ्या टोपलीवर बसलेली एक बाई,
पाठमोरी, एक हात मानेवर.

"उजवीकडून माउंट जरा आत घे," म्हणाले.
"ती झाकली जाऊ दे."
"चुकलीय का?"
"नाही."
आणि चष्म्याची काच सदऱ्याला पुसत राहिले,
स्वच्छ होती तरी.
मी पुढे विचारलं नाही. गिऱ्हाइकाचं माप
गिऱ्हाइकाचं असतं.

परवा तेच चित्र जिना चढून वर आलं
पेडर रोडच्या नाबरबाईंबरोबर.
कुठल्याशा लिलावात घेतलेलं.
"बुरशी काढा, काच बदला,
बाकी होतं तसंच ठेवा."
मी पालथं केलं. खिळे माझेच.

दुपारी शटर अर्धं ओढून काच काढली,
मग माउंट. कडेला चिकटला होता,
श्वास धरून सोडवला.

चाळीस वर्षं खिडकीतलं ऊन खाऊन
सगळा धक्का चहाच्या चोथ्याच्या रंगाचा झालेला.
लाँचा विटल्या. तवंग गेला.
आभाळ तर नुसता कागद.
आणि पुठ्ठ्याखालच्या दीड इंचात
तिचं लुगडं निळं,
बोट लावलं तर बोटाला येईल असं.

मग लक्षात आलं,
मास्तरांनी आभाळालाही हाच निळा लावला होता.
तेव्हा दिसलं नव्हतं. दोन्हीकडे सारखाच होता ना.

डबा उघडून ठेवला होता, भाजीवर साय धरली.
झाकलं म्हणजे जपलं की पुरलं?
असले प्रश्न मला परवडत नाहीत,
चांगला पुठ्ठा हल्ली फार महाग येतो.
मास्तर असते तर विचारलं असतं,
म्हणजे, नसतंच विचारलं.

जुनं माप नव्या पुठ्ठ्यावर टिपलं.
कटर उचलला. खाली ठेवला.
मग पट्टी उजवीकडे
दोन सूत सरकवली.
जास्त नाही. मानेवरच्या हाताचं कोपर,
त्याच्याखाली नखाएवढा निळा.

नाबरबाईंनी चष्मा कपाळावर ढकलून
नाक काचेला लावलं.
"कडेला काय हे? डाग राहिला का?"
"नाही. मूळचंच आहे."

त्या चित्र घेऊन खिडकीपाशी गेल्या.
खाली कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं,
येऊ दे, येऊ दे, बस.
बऱ्याच वेळाने म्हणाल्या,
"कोपर आहे. बाईचं आहे.
कोण हो ही?"

मी सुतळीची गाठ मारत होतो.
म्हटलं, "बाई, पश्चिमेच्या भिंतीवर
लावू नका."